चमकणारी फिल्टर शीट काजूच्या शेडमध्ये चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ काजूचा कारखाना, बी उकडणं, कटिंग, गर सुकवायचा बोर्मा आणि सोलणी सगळं एका शेडखाली. भावाचं खाडीकाठी कोळंबीचं तळं. एका प्रदर्शनात पांढऱ्या कापडासारखी शीट पाहिली. विक्रेत्याने यूव्ही टॉर्च मारल्यावर ती हिरवी चमकली, बाटलीतला अमोनिया सोडल्यावर क्षणात मालवली. 'फिल्टर आणि सेन्सर एकातच' असं त्याचं म्हणणं. शेडच्या पंख्याला ती लावावी का, आणि तळ्यासाठी असंच काही मिळतं का?

शेडसाठी घेऊ नका. तळ्यासाठी जरूर घ्या, फक्त तिथली वस्तू ही शीट नव्हे, याच विद्येचं जुनं आणि मुरलेलं रूप आहे. मी वीसेक वर्षं चमकणाऱ्या पॉलिमरच्या, म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्यांच्या, फिल्म बनवतोय, त्यातली बरीचशी रत्नागिरीत काढली. त्यामुळे पुण्याच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत जे छान चालतं ते इथे आषाढात कसं वागतं, याचा पुरेसा मार खाल्लेला आहे.

आधी विक्रेत्याची बाजू. त्याने दाखवलं ते खोटं नाही. काही रेणू यूव्ही किंवा निळा प्रकाश पितात आणि जरा कमी ऊर्जेचा, म्हणजे हिरवा, पिवळा किंवा तांबडा प्रकाश परत देतात. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणावर हे नीट मांडलं आणि फ्लोरेसन्स हा शब्दही त्यांचाच. (थंडीत आपला समुद्र रात्री निळा पेटतो ते प्रकरण वेगळं. तिथे नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्मजीव स्वतःच्या पोटातल्या रासायनिक क्रियेने उजेड करतो, त्याला बाहेरचा दिवा लागत नाही. तुमच्या शीटला लागतो.) असा रेणू प्रकाश परत द्यायच्या बेतात असताना दुसरा एखादा रेणू येऊन त्याची ऊर्जा काढून घेतो, तेव्हा चमक विझते. याला क्वेंचिंग म्हणतात. किती रेणू आले की किती चमक विझेल याचं सूत्र स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्येच दिलं आहे.

पॉलिमरची गंमत इथून सुरू होते. सुटा रेणू विझला तर एकच दिवा गेला. पण रेणूंची सलग साखळी असेल, आणि तिच्यावरून ऊर्जा इकडून तिकडे धावू शकत असेल, तर साखळीवर कुठेही एक विझवणारा येऊन चिकटला तरी बरीचशी साखळी मालवते. गणपतीच्या मखराची जुनी दिव्यांची माळ आठवा, एक बल्ब गेला की सगळी आरास अंधारात. अमेरिकेतल्या एमआयटीचे टिमोथी स्वेगर यांनी १९९० च्या दशकात ही युक्ती वापरली. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने अशी साखळी बनवली की टीएनटी या स्फोटकाची अगदी पुसटशी वाफही तिची चमक घालवत असे. साखळ्या एकमेकींना चिकटून बसू नयेत आणि वाफेला आत शिरायला वाट राहावी म्हणून त्यांनी साखळीला बोजड, अडसर घालणारे गट जोडले होते. पुढे त्यावरून सुरुंग हुडकायची हातात धरायची यंत्रं निघाली. म्हणजे तत्त्वात काही खोट नाही.

दुसरी एक तऱ्हा आहे, आणि तुमची शीट बहुधा तिच्यातली असावी. साधे रंगरेणू दाटीने बसले की एकमेकांनाच विझवतात, त्यामुळे घट्ट फिल्ममध्ये किंवा धाग्यात त्यांचा उजेड पडत नाही. २००१ मध्ये हाँगकाँगच्या बेन झोंग टांग यांच्या गटाला उलट वागणारे रेणू सापडले. मोकळ्या द्रावणात ते आपले पंख्यासारखे भाग फिरवत बसतात आणि सगळी ऊर्जा त्या फिरण्यात घालवतात. दाटीत पंखे फिरेनात, मग ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्यावाचून इलाज उरत नाही. गच्च भरलेल्या एसटीत हातवारे करता येत नाहीत म्हणून माणूस नुसताच बोलत सुटतो, तसंच काहीसं. या शोधानंतर चमकणारे धागे विणणं सोपं झालं आणि 'चमकणारा फिल्टर' ही कल्पना जोरात आली.

आता अडचणीकडे. चमक विझली एवढ्यावरून हवेत काय आहे ते कळत नाही. विझवणारे शंभर.

हे पटायला प्रयोगशाळा लागत नाही. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च आणि टॉनिक वॉटरची एक बाटली आणा. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं, अंधारात टॉर्च मारली की ते निळं चमकतं. दोन पेल्यांत सारखं ओता आणि एकात दोन चमचे मीठ विरघळवा. मिठाच्या पेल्याची चमक तुमच्या डोळ्यांदेखत उतरेल, कारण मिठातला क्लोराइड क्विनीनला विझवतो. दुसरा प्रयोग हळदीचा. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून वरचं नितळ द्रावण टॉर्चखाली धरा, झकास पिवळं-हिरवं चमकेल. त्यात पाणी ओतत जा, चमक बसत जाईल. कुठलाही विषारी वायू नाही, नुसतं मीठ आणि पाणी. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत दुसरं असतं काय? प्रत्येक रंगरेणू क्विनीनइतका मिठाला भितो असं नाही. पण शीट विकणाऱ्याने 'मीठ आणि दमट हवा यांत तपासली आहे का' या प्रश्नावर ठोस आकडे दाखवले पाहिजेत.

हे मी स्वतः महागात शिकलो. मासळी शिळी होऊ लागली की अमाइन जातीच्या वाफा सुटतात. त्या ओळखणारी फिल्म आम्ही बनवली आणि बंदराजवळच्या एका शेडमध्ये मासळीच्या खोक्यांवर तिच्या पट्ट्या लावल्या. सकाळी पाहतो तर सगळ्या पट्ट्या मंद. सुरमई ताजी, बर्फ भरपूर, वास नाही, आणि पट्ट्या म्हणतायत माल खराब. तीन आठवडे आम्ही बर्फ, खोकी, धुण्याचं पाणी, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी शेडमध्ये झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, 'अहो, वर माळ्यावर ठेवलेल्या पण तशाच झाल्यात.' माळ्यावर मासळीचा संबंध नव्हता. बर्फाच्या गारव्याने आणि रात्रीच्या दमट हवेने फिल्मवर दव धरत होतं, बस. पट्ट्या सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवल्यावर निम्मी चमक परत आली. तेव्हापासून कुठेही पट्टी लावली की तिची एक जुळी पट्टी त्याच हवेत, पण दमटपणा पोचेल आणि वायू पोचणार नाही अशा पाकिटात ठेवतो. आमच्यात तिला साक्षी पट्टी म्हणतात. साक्षीशिवाय पट्टीचं ऐकायचं नाही.

पण तुमच्या बाबतीत मोठी गोम वेगळीच आहे. फिल्टरचं काम मळणं आणि सेन्सरचं काम स्वच्छ राहणं. एकाच कापडाकडून दोन्ही मागायची म्हणजे त्याला एकाच वेळी मळ आणि मळू नकोस म्हणायचं. शीट जितकी चांगली गाळेल तितकी तिच्यावर धूळ आणि काजळी बसेल. ती वरून येणारा यूव्ही अडवेल आणि आतून येणारी चमकही झाकेल. शीट मंद दिसेल, विक्रेता म्हणेल वायू ओळखला.

यावर उपाय नाहीत असं नाही. दोन रंग मिसळायचे, एक वायूला दाद देणारा आणि एक न देणारा, आणि दोघांचं गुणोत्तर पाहायचं. स्वच्छ जागी ही युक्ती चांगली चालते. पण काजूच्या धुराचा तपकिरी थर निळा प्रकाश जास्त गिळतो आणि तांबडा कमी, त्यामुळे गुणोत्तरच वाकडं होतं. भरीस भर म्हणजे धुरातली काही संयुगं स्वतःच यूव्हीत चमकतात. आणि शीट धुवायला घेतलीत तर कपड्यांच्या साबणातला पांढरेपणा आणणारा पदार्थही निळा चमकतो, खात्री करायची तर टॉर्च धुतलेल्या सदऱ्यावर मारून बघा. चमक किती आहे हे न पाहता ती किती वेळ टिकते ते मोजणं, हा खरा भक्कम उपाय. त्याकडे तळ्याच्या वेळी येतो. तो कापडाच्या शीटवर आणि हातातल्या टॉर्चने जमणारा नाही.

गाळण्याच्या बाजूने पाहा. चमकेमुळे कापड जास्त गाळत नाही. गाळतो तो धाग्याचा बारीकपणा. मोठे कण धाग्यावर आपटतात, मधले घासून अडकतात, अगदी बारीक कण भरकटत येऊन चिकटतात, आणि साधारण ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे सगळ्यात चिवट निघतात. म्हणून हेपा या सगळ्यात कडक जातीच्या फिल्टरची कसोटी ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के अशी असते. स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या गटाने २०१५ मध्ये पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे अतिबारीक धागे विणून आरपार दिसणारा आणि तरीही पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे, ९५ टक्क्यांहून अधिक कण अडवणारा फिल्टर दाखवला. त्या धाग्यांचा ध्रुवीय स्वभाव कणांना धरून ठेवतो, चमकायची गरजच नाही. जाता जाता, असे धागे हजारो व्होल्टच्या दाबाखाली ओढतात. आमच्याकडे जुलैत ते ओढायला बसलो की हवेतली वाफ ओल्या धाग्यात शिरायची आणि धाग्यांऐवजी मणी-मणी जमायचे. धागे ओढायच्या पेटीला डिह्युमिडिफायर बसवला तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

तुमच्या शेडमधल्या हवेत तीन गोष्टी आहेत. सोलणीतली सालीची धूळ, भट्टीत टरफलं जाळता त्याचा धूर, आणि बी उकडताना व कापताना सुटणारी टरफलाच्या तेलाची उग्र वाफ. विक्रेत्याने दाखवला तो अमोनिया या तिन्हींत नाही. प्रयोग त्याच्या सोयीच्या वायूवर झाला. टरफलाच्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं, तापवलं की आम्लाचं कार्डॅनॉल होतं. ही फिनॉलच्या घराण्यातली मंडळी, अमोनियासारखी अल्कलीधर्मी नव्हेत. अमोनियाला दाद देणारी शीट यांच्यापुढे ढिम्म बसण्याची शक्यता जास्त.

तेलकट धूर हा फिल्टरचाही वैरी आहे. बाजारातले बरेचसे पांढरे फिल्टर आणि एन ९५ मास्क यांचे धागे विद्युतभारित पॉलिप्रॉपिलीनचे असतात, अर्धी कामगिरी त्या भाराची. तेलाचा सूक्ष्म थर बसला की भार झाकला जातो आणि गाळणी ढिली पडते. एन ९५ मधला एन म्हणजेच तेलाला न टिकणारा, तेलकट हवेसाठी आर आणि पी असे वेगळे वर्ग आहेत. तुमच्याकडे कटिंगला बसणाऱ्या कामगार बायका एन ९५ लावत असतील तर ही शीट घ्यायच्या आधी ते मास्क बदला.

आणि पुन्हा मीठ. समुद्राकडून येणारे मिठाचे कण फिल्टरवर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे पावसाळाभर आणि एरवी बहुतेक रात्री ती त्याच्या वरच असते. म्हणजे रात्री फिल्टरवर खारट पाण्याचे थेंब, दुपारी उन्हात स्फटिक, परत रात्री थेंब. धाग्यांमधल्या फटी बुजतात, पंख्याला दम लागतो, आणि तुम्हाला वाटतं मोटर गेली. कोरड्या गावातला सहा महिने चालणारा फिल्टर इथे लवकर बसतो तो असा. वायू मात्र कुठल्याही धाग्याच्या फिल्टरमधून आरपार जातो, चमको वा न चमको. वाफेसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो.

मग शेडमध्ये काय करायचं? उकडणं आणि भट्टी भिंत घालून वेगळी काढा, वाफ भांड्याच्या डोक्यावरच हूड लावून ओढा. भट्टीचा धूर फिल्टरने सोडवायचा नसतो, तिथे टरफलं कोरडी जाळणं आणि चिमणीआधी सायक्लोन (धूर गरगर फिरवून त्यातले कण खाली पाडणारं नळकांडं) बसवणं हा मार्ग. सोलणीच्या खोलीत धुता येणारी जाड जाळी, तिच्यामागे साधा प्लीटेड, म्हणजे घड्यांचा, फिल्टर, आणि वास जास्त असेल तर शेवटी कोळसा. फिल्टर कधी बदलायचा ते कळायला चमक नको, पारदर्शक नळीचा यू पुरे. नळीत रंगीत पाणी भरून एक टोक फिल्टरच्या अलीकडे आणि एक पलीकडे खुपसा. नवा फिल्टर असताना दोन बाजूंच्या पाण्यातला फरक खुणेने लिहून ठेवा, तो अडीचपट झाला की बदला. पंचवीस मिलिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ २५० पास्कल, त्याच्या पलीकडे ओढाताण करण्यात अर्थ नाही. हे उपकरण किरकोळ खर्चात होतं आणि दमट हवेत खोटं बोलत नाही. खोलीत कण किती आहेत ते पाहायला लेझरवर चालणारं छोटं मीटर चालेल, पण पावसाळ्यात ते दवाचे थेंबही धूळ म्हणून मोजतं हे लक्षात असू द्या.

शेजारी कुणाचा बर्फाचा कारखाना असेल आणि ते तुमची शीट अमोनियाच्या इशाऱ्यासाठी मागायला आले, तर स्पष्ट नाही म्हणा. आठ तासांच्या कामासाठी अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) धरतात आणि ३०० पीपीएमला जिवावर बेतू शकतं. तिथे भोंगा वाजवणारा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरच हवा. मंद झालेली पट्टी बघायला रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

आता तळं, कारण खरी मजा तिथे आहे. ऑक्सिजन हा स्वतः फार चांगला विझवणारा आहे. जर्मनीच्या हान्स कौट्स्की यांनी १९३० च्या दशकात सिलिका जेलवर बसवलेल्या रंगांवर हे दाखवलं. आज विरघळलेला ऑक्सिजन मोजायचे जे 'ऑप्टिकल', म्हणजे प्रकाशावर चालणारे, मीटर मिळतात, त्यांच्या पाण्यात बुडणाऱ्या टोकावरच्या टोपीत हीच गोष्ट आहे. पॉलिस्टायरीन किंवा सिलिकॉनसारख्या पॉलिमरच्या पातळ थरात रुथेनियमचं संयुग किंवा प्लॅटिनम पोर्फिरिन मिसळलेलं असतं. पोर्फिरिन म्हणजे आपल्या रक्तातल्या हीमच्याच घडणीचं कडं, फक्त मधल्या लोखंडाच्या जागी प्लॅटिनम. मीटर त्यावर प्रकाश मारतं आणि तांबडी चमक किती वेळ टिकते ते पाहतं. हा वेळ मायक्रोसेकंदांचा असतो, आणि ऑक्सिजन जितका जास्त तितका कमी. वेळ मोजत असल्यामुळे रंग थोडा उडाला किंवा टोपीवर पुसट थर आला तरी आकडा फारसा हलत नाही. कापडाच्या शीटमध्ये जे जमत नाही ते इथे जमतं, कारण पॉलिमर फक्त ऑक्सिजनला आत येऊ देतो, मीठ आणि पाण्याला बाहेर ठेवतो. वर काळा थर दिलेला असतो, त्याने ऊन आणि पाण्यातल्या शेवाळाची स्वतःची तांबडी चमक दोन्ही अडतात.

ऑक्सिजन मोजायचं जुनं, पडदा आणि आत क्षारांचं द्रावण असलेलं क्लार्क इलेक्ट्रोड स्वतः ऑक्सिजन खातं, म्हणून पाणी ढवळत ठेवावं लागतं. तळाच्या गाळातल्या हायड्रोजन सल्फाइडनेही ते बिघडतं. ऑप्टिकलला हा त्रास बराच कमी. फक्त भावाला दोन गोष्टी नीट समजावा.

पहिली, क्षारता. मीटरचा थर ऑक्सिजनचा दाब ओळखतो, लिटरमागे किती मिलिग्रॅम हे मीटर हिशेबाने काढतं. ३० अंशांना गोड्या पाण्यात पूर्ण विरघळला तर ऑक्सिजन ७.५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, समुद्राच्या पाण्यात ६.२. क्षारता शून्यावरच ठेवली तर मेमधल्या खाऱ्या तळ्यात मीटर वीसेक टक्के जास्त दाखवेल. पहाटे खरा ऑक्सिजन ४ च्या खाली गेलेला असताना पडद्यावर साडेचार दिसेल, आणि पाण्यात हवा घुसळणारा एरेटर बंदच राहील. खाडीची क्षारता पहिल्या जोरदार पावसात धाडकन उतरते, तेव्हा जूनमध्ये दर दोन-तीन दिवसांनी आकडा बदलायचा.

दुसरी, टोपीची काळजी. आठवड्यातून एकदा मऊ ओल्या फडक्याने शेवाळ पुसायचं, स्पिरिट किंवा थिनर लावायचं नाही, त्याने पॉलिमरच फुगतो किंवा विरघळतो. वापरून झालं की उन्हात टाकायचं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून हवेत धरलं की मीटरने १०० टक्के दाखवायला हवं, न दाखवल्यास तिथेच कॅलिब्रेट करायचं, म्हणजे आकडा १०० वर जुळवायचा. टोपी साधारण वर्षाने बदलावी लागते, तिची किंमत आधी विचारून ठेवा, मीटर स्वस्त आणि टोपी महाग असा व्यवहार मी पाहिला आहे. आणि मोजायचं ते पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, तळाजवळ. दुपारचा आकडा सगळ्यांचाच छान असतो.

शीटवर तुमचं मन बसलंच असेल, तर विक्रेत्याकडून हातभर नमुना फुकट मागा आणि चार तुकडे करा. एक काळ्या पाकिटात कपाटात, एक समुद्राकडच्या खिडकीत, एक बोर्म्याच्या खोलीत, आणि एक बरणीत सिलिका जेलसोबत. पंधरा दिवसांनी चारही एकत्र ठेवून अंधारात त्याच टॉर्चने फोटो काढा, मोबाइलचं ऑटो एक्सपोजर बंद करून. खिडकीतला तुकडा कपाटातल्याइतकाच चमकत असेल तर मला कळवा, मलाच ती शीट विकत घ्यायची आहे.